गुडघा बदलल्यावर सांध्यात जंतू, रिपोर्टमध्ये जवळपास सगळी औषधं रेझिस्टंट. सोलापुरात पुढे काय करावं?

नवीपेठ_सुजाता

नमस्कार मंडळी. आईचा (वय ६७, शुगर आहे) उजवा गुडघा मागच्या वर्षी बदलला. सुरुवातीचे काही महिने छान गेले, सिद्धेश्वराला पायी जाऊन आली. मग गुडघा दुखायला लागला, रात्री जास्त. दिवाळीनंतर टाक्यांच्या खुणेच्या खालच्या टोकाला फोड आला, फुटला, आणि तेव्हापासून त्या भोकातून पू येतोय. मधे बंद होतो, परत येतो. गोळ्यांचा एक कोर्स संपला की दुसरा, असं चाललंय.

आता भोकाजवळचा पू कल्चरला दिला होता. क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि औषधांच्या यादीत खालपर्यंत आर (रेझिस्टंट), आर, आर. एका कोलिस्टिनपुढे आय (इंटरमिजिएट, म्हणजे मधलं) लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात दोन आठवडे कोलिस्टिनची इंजेक्शनं घेऊ, बघू. दुसरे म्हणतात सांधा काढावा लागेल, दोन ऑपरेशनं होतील. वडील लूमवर जॉबर होते, आता घरीच असतात. भाऊ म्हणतो इंजेक्शनं घेऊ, परत कापाकापी नको. आई काहीच बोलत नाही, नुसती पायाकडे बघत बसते. कुणाला अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

कडकभाकरी

ताई, आमच्या मामांचं असंच झालं होतं, खुब्याचं. त्यांचा सांधा काढून परत बसवला, आता शेतात जातात. घाबरू नका ओ. पण कोलिस्टिनची घाई करू नका एवढं सांगतो, मामांच्या किडनीला त्याचा त्रास झाला होता. नंतर क्रिएटिनिन खाली आलं, पण तो महिना आम्ही कसा काढला आमचं आम्हाला माहीत.

लॅबवाले_काका

सुजाता, मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण आयुष्य जंतूंच्या प्लेटा वाचण्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या हातात आहे तो रिपोर्ट कातडीवरच्या भोकाचा आहे. सांध्याच्या आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. भोक महिनोन्महिने वाहत राहिलं की त्याच्या तोंडाशी कातडीवरचे, आतड्यातले, दवाखान्यातले असे सगळे जंतू वस्तीला येतात. कापसाच्या काडीला तेच लागतात. आत धातूवर बसलेला जंतू पुष्कळदा वेगळाच निघतो. त्या काडीच्या भरवशावर कोलिस्टिनसारखं औषध सुरू करणं मला पटत नाही. त्या आय चा अर्थही समजून घे. कोलिस्टिनपुढे हल्ली अमेरिकन मानकांप्रमाणे एस (म्हणजे औषध चालेल) लिहितच नाहीत. आय किंवा आर, एवढंच. कारण हे औषध चालेल अशी खात्री कुठलीच लॅब देऊ शकत नाही. त्याची तपासणीसुद्धा औषधाच्या चकतीने होत नाही, द्रवात वेगवेगळी मात्रा करून करावी लागते. लॅबने ती कशी केली ते विचारून घे.

खरा नमुना म्हणजे सांध्यात सुई घालून काढलेलं पाणी, आणि ऑपरेशन झालं तर आतल्या वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत आणि शक्यतो वेगळ्या हत्याराने घेतलेला. दोन नमुन्यांत एकच जंतू आला तर तो खरा गुन्हेगार धरतात. एकाच नमुन्यात आला तर तो कातडीवरून आला की आतला, हा प्रश्न उरतो. आणि नमुन्याआधी अँटिबायोटिक बंद हवं, पेशंटची तब्येत ठीक असेल तर निदान दोन आठवडे. हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. गोळी चालू असताना नमुना घेतला की प्लेट कोरी येते आणि घरचे म्हणतात, चला, जंतू गेला. तो गेलेला नसतो.

आता गोळ्यांनी का बरं होत नाही ते सांगतो. धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यावर चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर बांधतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घरोघरी पिंपं भरलेली असतात. पिंपाच्या आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर हाताला लागतो, तो याच जातीचा. नुसतं पाणी बदलून तो निघत नाही, घासावा लागतो. थराच्या तळातले जंतू वाढायचे थांबलेले असतात आणि बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. मोकळा जंतू मरायला जेवढी मात्रा लागते त्याच्या शंभर ते हजार पट थरातल्या जंतूला लागू शकते. तेवढी माणसाला देता येत नाही. म्हणून ज्याच्यापुढे एस लिहिलंय ते औषधही सांध्यावर अपुरं पडतं, कारण लॅबमधली चाचणी मोकळ्या जंतूवर होते. औषधांना दाद न देणं ही त्याच्यावर चढलेली दुसरी अडचण.

माळीवाडा

माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याला गावाकडच्या एकांनी हळद आणि पाल्याचा लेप लावला होता, सूज उतरली. करून बघायला काय हरकत आहे?

लॅबवाले_काका

@माळीवाडा, तुमच्या सासऱ्यांच्या गुडघ्यात धातू नव्हता. इथे भोक थेट सांध्यापर्यंत गेलेलं असू शकतं. त्यावर पाला किंवा पूड लावणं म्हणजे मातीतले जंतू स्वतःच्या हाताने आत सोडणं. कृपा करून नको.

डॉ_अस्थी

मी सोलापूर जिल्ह्यातच हाडांचं काम करतो. पेशंट तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, फक्त रीत सांगतो म्हणजे सुजाताताईंना डॉक्टरांना प्रश्न विचारता येतील.

काकांनी नमुन्याबद्दल लिहिलं ते तंतोतंत. त्यात एक भर: आपल्या देशात टीबी आणि बुरशीची तपासणीही त्याच नमुन्यातून मागायची. सावकाश वाहणारं भोक टीबीचंही असतं.

बदललेल्या सांध्यापर्यंत जाणारं भोक कातडीवर असेल, तर इन्फेक्शन आहे हे जगभर निश्चित धरतात, मग कल्चर काहीही येवो. आणि असं भोक असताना सांधा जागेवर ठेवून आतून धुणं सहसा यशस्वी होत नाही. ती संधी लवकर आलेल्यांसाठी असते: ऑपरेशनला महिना झालेला नाही, किंवा त्रास सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत आले, सांधा घट्ट बसलेला आहे, भोक नाही. तेव्हा सांधा उघडून घासतात, मधला प्लास्टिकचा भाग बदलतात, धातू ठेवतात. कित्येकांना ती संधी हातात असते आणि ती गोळ्यांच्या कोर्समध्ये जाते. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. बदललेल्या गुडघ्याची जखम दहा-बारा दिवसांनीही ओली असेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जावं, गोळी मागू नये.

ताईंच्या आईंची वेळ त्याच्या पुढे गेलेली दिसते. दुसरे डॉक्टर म्हणतात ती दोन टप्प्यांची रीत अशी. पहिल्या ऑपरेशनमध्ये सांधा, सिमेंट, मेलेलं हाड सगळं काढतात आणि जागा भरायला सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, त्याला स्पेसर म्हणतात. त्या सिमेंटमध्ये व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. ती हळूहळू सुटतात आणि सांध्यात एवढी मात्रा होते की तेवढी सलाइनमधून देणं शक्यच नसतं. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून उष्णता सोसणारीच औषधं चालतात. हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनी १९७० मध्ये सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळल्याचं प्रसिद्ध केलं, आपण आजही त्याच वाटेवर आहोत. मग निदान सहा आठवडे अँटिबायोटिक, रक्तातला सीआरपी (इन्फेक्शन किंवा सूज असली की वाढणारा आकडा) उतरतोय का ते बघणं, आणि जखम शांत झाली की नवा सांधा. तरीही दहातल्या एक-दोघांना जंतू परत येतो. हे आधी स्पष्ट सांगणारा सर्जन निवडा.

सलाइनच हवं, गोळी म्हणजे हलका उपचार, असा आपल्याकडे समज आहे. ब्रिटनमध्ये हाडासांध्याच्या इन्फेक्शनच्या १०५४ पेशंटांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतून औषध घेतलेल्यांत अपयश १४.६ टक्के, तोंडाने घेतलेल्यांत १३.२. म्हणजे जंतूला लागू पडणारी आणि हाडात पोचणारी गोळी असेल तर ती कमी पडली नाही. मात्र औषधाची मुदत कापू नये. फ्रान्समध्ये बदललेल्या सांध्याच्या पेशंटांत सहा आणि बारा आठवड्यांची तुलना २०२१ मध्ये आली: सहावाल्यांत जंतू राहिला १८.१ टक्क्यांत, बारावाल्यांत ९.४.

पूर्वभागकर

डॉक्टरसाहेब, धागा गुडघ्याचा हाय, पण विचारतो. आमच्या अण्णांना पेसमेकर बसवून चार वर्षं झाली. आता छातीवर मशीनच्या जागी कातडी लाल होऊन पातळ झालीय, एका कोपऱ्यात मशीनची कड दिसायलीय. ताप नाय. जवळचे डॉक्टर म्हणाले सुई घालून पाणी काढू आणि गोळ्या देऊ. काय करू?

डॉ_अस्थी

@पूर्वभागकर, माझा विषय नाही, पण थांबूही नका. सुई घालू देऊ नका, सुईने बाहेरचे जंतू आत जातात. मशीनची कड बाहेर दिसत असेल तर ते इन्फेक्शनच धरतात, ताप नसला तरी. आज-उद्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा.

हृदयविभाग_सिस्टर

डॉक्टरांचं बरोबर आहे. मी हृदयरोग विभागात काम करते. पेसमेकरला जंतू लागला तर डबी आणि हृदयात गेलेल्या तारा, सगळंच काढावं लागतं. डबी धुऊन परत तिथेच ठेवली तर काही महिन्यांत हेच पुन्हा होतं. चार वर्षांत तारा शिरेला आणि हृदयाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या असतात, त्या ओढून निघत नाहीत. ते काम करणारं, आणि वेळ पडली तर लगेच छाती उघडू शकणारं सेंटर पाहिजे. पुण्याला किंवा हैदराबादला पाठवतील, त्याला नाही म्हणू नका. रक्तातलं कल्चर निदान ७२ तास निगेटिव्ह राहिलं की नवं मशीन बसवतात, दुसऱ्या बाजूला. मधल्या दिवसांत गरज असेल तर तात्पुरता पेसमेकर असतो, अण्णांचं हृदय उघड्यावर पडणार नाही. त्यांना हे समजावून सांगा, म्हातारी माणसं याच भीतीने नकार देतात.

पूर्वभागकर

लई उपकार सिस्टर. उद्याच अण्णांना घेऊन जातो.

जुळे_सोलापूर_८४

सुजाताताईंसाठी: जंतूला खाणारे विषाणू असतात, फाज, त्याचा उपचार होतो असं वाचलंय. जॉर्जियात जाऊन लोक बरे होतात. ज्यांना सगळी औषधं रेझिस्टंट आहेत त्यांनी तिकडे का जाऊ नये?

लॅबवाले_काका

फाजबद्दल मला फार जिव्हाळा आहे, कारण गोष्ट आपल्या मातीपासून सुरू होते. १८९६ मध्ये हँकिन नावाच्या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञाने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. १९१७ मध्ये डेरेल यांनी फाजचं नाव आणि कल्पना मांडली. पुढे तेही भारतात येऊन कॉलऱ्यावर फाज वापरून गेले. जॉर्जियाची तिबिलिसीमधली एलियावा संस्था १९२३ पासूनची आहे.

अलीकडे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एका मधुमेही गृहस्थाचा बदललेला गुडघा, वारंवार ऑपरेशनं करूनही क्लेब्सिएला जात नव्हता, पाय जायची वेळ आली होती. त्यांना त्याच जंतूवर चालणारा फाज शिरेतून ४० वेळा दिला, सोबत अँटिबायोटिक चालू ठेवलं, आणि पाय वाचला. म्हणजे हे थोतांड नाही. पण फाज कुलपाच्या किल्लीइतका नेमका असतो, एका क्लेब्सिएलाचा फाज दुसऱ्या क्लेब्सिएलावर चालेल असं नाही. आधी सांध्यातला खरा जंतू हातात पाहिजे, तो जिवंत जपून ठेवायला पाहिजे, मग जुळणारा फाज शोधायचा. भोकाच्या काडीतला क्लेब्सिएला घेऊन जॉर्जियाला गेलं तर भलत्याच जंतूचा फाज घेऊन परत याल. आणि नेहमीचा उपचार म्हणून तो आपल्याकडे मिळत नाही. तेव्हा घर विकून विमानाचं तिकीट काढण्याआधी सांध्याचं पाणी काढा.

औषधवाला_टिळकचौक

मेडिकलवाला आहे, म्हणून बोलतो. मार्च २०१४ पासून वरच्या दर्जाची कित्येक अँटिबायोटिक्स एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपायचं. तरीही रोज कुणीतरी येतं, "मागच्या वेळी हीच पट्टी दिली होती, परत द्या." नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात. सुजाताताई, तुमच्या आईंना कुठकुठल्या गोळ्या दिल्या त्यांच्या सगळ्या पट्ट्या किंवा बिलं गोळा करून नव्या डॉक्टरांकडे न्या. कुठल्या औषधांनी आधीच हजेरी लावलीय हे त्यांना कळणं फार गरजेचं असतं. बिलं हरवली असतील तर तुमच्या मेडिकलवाल्याकडे रेकॉर्ड असतं, हक्काने मागा.

होटगीरोड

ऑपरेशनच्या बाजूने सगळे बोलले, म्हणून दुसरी बाजूही मांडते. माझ्या आजीचा खुबा असाच बिघडला. वय ८२, हृदय कमकुवत, भूलतज्ज्ञांनी दोन मोठी ऑपरेशनं झेपणार नाहीत असं सांगितलं. सांध्यातल्या पाण्याचं नीट कल्चर झालं, जंतू डॉक्सिसायक्लिनला ऐकणारा निघाला आणि ती गोळी डॉक्टरांनी कायमची लावली. भोक आहे, कधी थेंबभर येतं, रोज ड्रेसिंग. पण ताप नाही, वेदना कमी, वॉकर घेऊन देवघरापर्यंत जाते. आम्ही जंतू हाकललेला नाही, दाबून ठेवलाय, हे आम्हाला माहीत आहे आणि आजीलाही. तिने स्वतः हे निवडलं. सुजाता, तुझ्या आईला कुणी विचारलंय का तिला काय हवंय?

नवीपेठ_सुजाता

सगळ्यांचे मनापासून आभार. @होटगीरोड, तुमची पोस्ट वाचून रात्री आईजवळ बसले. ती म्हणाली, "मला चालायचंय, काय करायचं ते करा, पण रोजचा पू नको." भाऊ शेजारीच होता, त्यानेही ऐकलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, मधे दोन आठवडे जाऊ दिले आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सांध्यातलं पाणी काढलं. रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, मेथिसिलिन रेझिस्टंट. क्लेब्सिएला नाही! व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड, रिफाम्पिसिन एस आहेत. टीबीची जलद तपासणी निगेटिव्ह, कल्चर अजून लावून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले रिफाम्पिसिन नंतर देऊ. ते लगेच का नाही देत? आणि आईच्या शुगरच्या गोळ्यांचं काय?

लॅबवाले_काका

बाळा, वाचून फार बरं वाटलं. कोलिस्टिन घेतलं असतं तर या जंतूवर त्याचा काडीचा परिणाम नव्हता, स्टॅफिलोकोकसवर ते चालतच नाही. व्हॅन्कोमायसिनपुढे एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवणाऱ्या सगळ्यात कमी मात्रेचा) आकडा आहे का बघ, या जंतूसाठी चकतीची चाचणी धरत नाहीत. आणि ऑपरेशनच्या वेळी परत पाच-सहा तुकडे द्यायला सांग. काढलेला सांधा ध्वनिलहरींनी हलवून त्याच्यावरचे जंतू मोकळे करून तपासण्याची सोयही काही ठिकाणी असते. क्लेब्सिएला आत कुठे दडलाय का, ते तेव्हाच पक्कं कळेल.

डॉ_अस्थी

@सुजाता, तुमचे डॉक्टर योग्य करताहेत. रिफाम्पिसिन थरातल्या स्टॅफिलोकोकसवर चालणाऱ्या मोजक्या औषधांपैकी आहे, म्हणून ते जपून वापरायचं. एकटं दिलं किंवा जंतूंची संख्या खूप असताना दिलं तर काही दिवसांत जंतू त्यालाही दाद देईनासा होतो. आधी सांधा काढून जागा स्वच्छ करायची, जखम कोरडी झाली पाहिजे, मग दुसऱ्या लागू औषधाच्या जोडीला रिफाम्पिसिन. शिवाय ते टीबीचं मुख्य औषध आहे, म्हणून टीबी नाही याची खात्री होईपर्यंत थांबलेले बरे. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं लवकर फोडायला लावतं, त्यामुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. त्या काळात घरी शुगर तपासत राहा, डॉक्टर कदाचित इन्सुलिनवर नेतील. लघवी केशरी होईल, घाबरू नका. लिनेझोलिड दिलं तर दर आठवड्याला रक्त तपासायचं, दोन आठवड्यांपुढे प्लेटलेट उतरू शकतात. हातापायाला मुंग्या किंवा डोळ्यांपुढे अंधुक झालं तर त्याच दिवशी सांगायचं.

खर्चाचं: ॲडमिट होण्याआधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला दोन्ही टप्प्यांबद्दल वेगवेगळं विचारा, आणि सांधा काढण्याचं व बसवण्याचं असं दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.

हृदयविभाग_सिस्टर

एक माझ्याकडून. ऑपरेशन उन्हाळ्यात आलं तर व्हॅन्कोमायसिन चालू असताना आईंना पाणी कमी पडू देऊ नका. सोलापूरचा मे महिना, ४३-४४ अंश, घरात लाइट गेलेली, म्हातारी माणसं उठायला नको म्हणून पाणी पीत नाहीत. त्यात व्हॅन्कोमायसिन किडनीला जड. क्रिएटिनिन आणि औषधाची रक्तातली पातळी, दोन्ही तपासायला लावा. हृदयाने किंवा किडनीने पाण्याचं बंधन असेल तर डॉक्टरांनी दिलेलं माप पाळा.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

सिस्टर, माझ्या मिसेसचं डायलिसिस मानेतल्या नळीवरून चाललंय. मागच्या दोन वेळा डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजून ताप आला, मग पॅरासिटामॉल दिल्यावर उतरला. हे पण तसलंच असेल का?

हृदयविभाग_सिस्टर

दादा, तसंच धरा. मशीन सुरू झालं की नळीतले जंतू रक्तात ढकलले जातात, म्हणून नेमकी तेव्हाच थंडी वाजते. पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, आजच सेंटरला फोन करा. अँटिबायोटिकच्या आधी नळीतून आणि हातातून अशी दोन्हीकडून ब्लड कल्चरं घ्यायला सांगा. सौम्य जंतू निघाला तर नळीत औषध भरून ठेवून ती वाचवता येते. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्युडोमोनस किंवा बुरशी निघाली तर नळी काढावीच लागते. पाठ दुखत असेल, किंवा नळी काढल्यावरही ताप राहिला तर मणक्याची आणि हृदयाची तपासणी मागा. आणि हातातल्या फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन) तारीख घेतली आहे का? नसेल तर याच फोनवर विचारा.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

फोन केला. रात्री नऊला बोलावलंय, कल्चरच्या बाटल्या तयार ठेवतो म्हणाले. निघतो.